मुंबई-कराची : अंतर किती, वेळ किती?

मुंबईचा विमानतळ आणि कराचीचा विमानतळ यांच्यामधले सरळ रेषेतील अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबईहून दिल्ली याच्यापेक्षा अडीचशेहून अधिक किलोमीटर लांब पडते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरूनही आजच्या जेट विमानाला कराची गाठण्यास दीड तास पुरेसा व्हावा. शाळेतल्या मुलाने नकाशा आणि दोरा घेऊन मोजले तरी हेच उत्तर येईल. हे झाले भूगोलाचे उत्तर.

विमान कंपन्यांच्या वेळापत्रकाचे उत्तर मात्र वेगळे आहे. गेल्या काही वर्षांपासून भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये थेट प्रवासी विमानसेवा नाही. ज्याला दोन्ही सरकारांकडून व्हिसा मिळवण्याचे भाग्य लाभले आहे, असा प्रवासी मुंबईहून प्रथम दुबईला जातो. ते अंतर सव्वाएकोणीसशे किलोमीटर. तेथे दुसऱ्या विमानाची वाट पाहत तो बसतो आणि मग अरबी समुद्राच्या उत्तर काठाने सुमारे बाराशे किलोमीटर मागे येऊन कराचीला उतरतो. म्हणजे पावणेनऊशे किलोमीटरचे एकतीसशे किलोमीटर झाले आणि दीड तासाचा दिवस झाला. पैशाचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तिसरे एक उत्तर आहे आणि ते या दोन्हींपेक्षा भयंकर आहे. त्याकडे आम्ही शेवटी येणार आहोत. तत्पूर्वी, दोन विमानतळांमधले अंतर ही केवळ मोजपट्टीची बाब नसून राजकारणाची बाब आहे, हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. कारण आमच्या कार्यकर्त्यांतही असा एक समज दिसतो की विमान हा धनिकांचा विषय आहे, त्याच्याशी आपणांस काय कर्तव्य? एस.टी.च्या भाडेवाढीवर आपण बोलावे, आकाशाचे ते पाहून घेतील. हा समज चुकीचा आहे, असे आम्हांस वाटते.

भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ ज्या मार्गावर झाला तो मार्ग हाच होता, ही गोष्ट आज किती जणांना आठवते? इंग्लंडहून कराचीपर्यंत विमानाने टपाल आणण्याची सोय ब्रिटिश कंपनीने मार्च १९२९ मध्ये केली होती. त्या प्रवासाला सात दिवस लागत. कराचीच्या पुढे ते टपाल दक्षिणेकडे नेण्यासाठी टाटा कंपनीने सेवा सुरू केली आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एक लहानसे पस मॉथ विमान स्वतः चालवत सकाळी कराचीहून निघाले, अहमदाबादला इंधन घेतले आणि दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. टाटांच्या उद्योगनीतीविषयी आमचे मतभेद सर्वश्रुत आहेत आणि ते येथे गिळण्याचे कारण नाही. परंतु १९३२ साली, एका इंजिनाच्या, डुगडुगत्या विमानाने, वाटेत थांबून, जे अंतर एका सकाळीत कापले गेले ते आज प्रचंड जेट विमानांच्या काळात एका सकाळीत कापता येत नाही, ही वस्तुस्थिती नमूद केलीच पाहिजे. त्याच जे.आर.डीं.नी १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्या उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिवशी पुन्हा कराचीहून जुहूपर्यंत लहान विमान चालवत आणले. मधल्या पन्नास वर्षांत फाळणी झाली होती, युद्धे झाली होती. तरीही त्या दिवशी आकाश उघडे राहिले.

कराची त्या काळी परकी नव्हती. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. त्यानंतरही सिंधमधील महाविद्यालयांचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षा देत. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये कराचीत निघाली. ती आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने चालते. मार्च १९३१ मध्ये काँग्रेसचे जे अधिवेशन कराचीत भरले, त्यात मूलभूत हक्क आणि आर्थिक धोरण यांविषयीचा ठराव संमत झाला. समाजवादी विचाराच्या माणसाला त्या ठरावाचे महत्त्व सांगावयास नको. आणि फाळणीनंतर कराची बंदरातून बोटी भरभरून जे निर्वासित मुंबईत उतरले, त्यांनीच पुढे कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर केले. त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना कराची हे शहर किती किलोमीटरवर आहे असे विचारून पाहावे.

आता कायद्याकडे वळू. आकाश हे कोणाचे? डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे बावन्न देशांनी ज्या आंतरराष्ट्रीय करारावर सह्या केल्या, त्याच्या पहिल्याच कलमात उत्तर दिलेले आहे : प्रत्येक राज्याला आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. समुद्राला निदान काही मैलांपलीकडे कोणी धनी नाही. भूमीवरच्या आकाशाला मात्र, विमान जाऊ शकेल त्या उंचीपर्यंत, धनी आहे. त्याच परिषदेत एक दुसरा करार झाला आणि त्याअन्वये सह्या करणाऱ्या देशांनी एकमेकांच्या नागरी विमानांना न उतरता वरून जाऊ देण्याचे मान्य केले. भारत आणि पाकिस्तान हे दोघेही त्या करारात आहेत. असे असूनही आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेपुढे आलेली पहिली तक्रार याच दोघांमधली होती! १९५२ मध्ये भारताने तक्रार केली की आमची दिल्ली-काबूल विमाने पाकिस्तान आपल्या पश्चिम सीमेवरून जाऊ देत नाही. ती तक्रार पुढे समजुतीने मिटली. घर वाटून घेतलेल्या भावांच्या पहिल्या भांडणाचे कारण बहुधा जाण्या-येण्याची वाट हेच असते.

पुढचा इतिहास असा. जानेवारी १९७१ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यावर भारताने फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते आणि त्यांना जोडणारा एकमेव जवळचा रस्ता भारताच्या आकाशातून जात होता. कराची ते ढाका हे सुमारे २,४०० किलोमीटरचे अंतर. ते आता श्रीलंकेला वळसा घालून, कोलंबोला थांबून, जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ढाक्यावर लष्करी अत्याचार सुरू झाले तेव्हा पश्चिमेकडून जाणाऱ्या सैनिकांनाही याच वळशाने जावे लागले. एका राष्ट्राचे दोन तुकडे परक्याच्या आकाशाच्या टाक्याने जोडलेले होते, ही गोष्ट त्या वळशाने साऱ्या जगाला दिसली. पाकिस्तानने याविरुद्ध दाद मागितली आणि प्रकरण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यायालयाने एवढेच ठरवले की विमानवाहतूक संघटनेच्या मंडळाला ही तक्रार ऐकण्याचा अधिकार आहे. तोपर्यंत बांगला देश स्वतंत्र झाला होता आणि कराची-ढाका मार्गाला पूर्वीचा अर्थच उरला नव्हता. दोन्ही देशांमधला विमानसंपर्क १९७६ मध्ये पुन्हा सुरू झाला.

नंतर संसदेवरील हल्ल्यामुळे १ जानेवारी २००२ पासून दोन वर्षे, बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ आणि पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या हत्याकांडानंतर पुन्हा, अशी आकाशाची दारे बंद झाली. २०१९ च्या त्या साडेचार महिन्यांत एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारनेच राज्यसभेत सांगितले. ती त्या वेळी जनतेच्या मालकीची कंपनी होती, म्हणजे तो तोटा जनतेचा होता. पाकिस्तानच्या विमानवाहतूक मंत्र्यांनी आपला तोटा साडेआठशे कोटी पाकिस्तानी रुपये सांगितला. दोन्ही रकमा शाळांच्या इमारतींत मोजल्या तर काय दिसेल, हे वाचकांनी स्वतः पाहावे.

येथे कोणी आम्हांला विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे, की बंदीचा एवढा तिटकारा तुम्हांला कधीपासून आला? बहिष्कार हे तर आपलेच हत्यार! खरेच आहे. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांनी गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकले, त्या लढ्याच्या काळात भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली होती आणि तिचे आम्ही समर्थनच केले. (गंमत अशी की ती कोंडी फोडण्यासाठी पोर्तुगीजांनी जी विमानसेवा उभी केली तिचा एक मार्ग दाबोळीहून कराचीला जात होता. याही गोष्टीत कराची आहेच.) म्हणून बंदी आणि बंदी यांत फरक कसा करावयाचा, हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्यासाठी दुसऱ्या दोन दूरच्या विमानतळांकडे जाऊ.

जोहान्सबर्ग ते लंडन हे अंतर सरळ मार्गाने सुमारे ९,००० किलोमीटर आहे. हा मार्ग संपूर्ण आफ्रिका खंडावरून, दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. मे १९६३ मध्ये आदिस अबाबा येथे बत्तीस स्वतंत्र आफ्रिकी देश एकत्र आले, त्यांनी आफ्रिकी एकता संघटना स्थापन केली आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या विमानांना आपापले आकाश बंद करण्याची हाक दिली. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून ती हाक प्रत्यक्षात येऊ लागली. कालपर्यंत ज्यांना स्वतःचे आकाश नव्हते, अशा देशांनी आपल्या सार्वभौमत्वाचा हा पहिला मोठा सामुदायिक वापर केला. प्रिटोरियाच्या सरकारी विमान कंपनीला खंडाच्या पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून, आफ्रिकेच्या फुगवट्याला वळसा घालून युरोपात जावे लागले. पोर्तुगीजांच्या ताब्यातील लुआंडा, स्पेनच्या ताब्यातील लास पाल्मास, केप व्हर्दे बेटांवरील साल हे तिचे मुक्काम झाले. म्हणजे वर्णद्वेषाला उतरण्यासाठी वसाहतवादाची जमीन शोधावी लागली. प्रवास कित्येक तासांनी लांबला.

ही बंदी तीन दशकांच्या जवळ जाईपर्यंत टिकली. ती निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. युरोपातील कंपन्यांची विमाने आफ्रिकेवरून जोहान्सबर्गला येतच होती. ज्याच्या खिशात पैसे होते त्या गोऱ्या व्यापाऱ्याने तिकीट बदलले आणि तो जवळच्या वाटेने गेला. भांडवलशाहीनेही आपल्या ग्राहकाला उघड्यावर टाकले नाही. न थांबता अतिदूर जाऊ शकेल असे बोइंग कंपनीचे आखूड जंबो विमान दक्षिण आफ्रिकेने विकत घेतले आणि मार्च १९७६ मध्ये ते अमेरिकेतील कारखान्यातून थेट केपटाऊनला, १६,५६० किलोमीटर, कोठेही न उतरता नेऊन विक्रम केला. तो विक्रम पुढे तेरा वर्षे अबाधित राहिला. विमानविद्येच्या पुस्तकांत त्याची नोंद कौतुकाने होते. एका राजवटीला शेजाऱ्यांच्या अंगणातून जाण्याची लाज वाटेनाशी झाली होती आणि परवानगीही उरली नव्हती म्हणून तो विक्रम झाला, हे त्या पुस्तकांत नसते.

आणि केप व्हर्दे? पोर्तुगीजांशी लढलेल्या पक्षाच्या नेतृत्वाखाली जुलै १९७५ मध्ये स्वतंत्र झालेला तो चिमुकला, दुष्काळाने पिचलेला देश. स्वातंत्र्यानंतरही त्याने सालच्या विमानतळावर वर्णद्वेष्ट्यांच्या विमानांना उतरू दिले, कारण उतराईच्या शुल्कावर त्याची तिजोरी अवलंबून होती. काही क्रांतिकारक मित्रांनी त्या काळी यावर कठोर टीका केली. आम्हांला तशी टीका करवत नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याने तत्त्वासाठी उपाशी राहावे, असे पोट भरलेल्याने सांगू नये. बहिष्काराचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न प्रत्येक बहिष्काराच्या वेळी विचारावाच लागतो.

परंतु एवढे दोष धरूनही ती बंदी न्याय्य होती आणि ती उपयोगी पडली. १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून कायदा केला आणि दक्षिण आफ्रिकेच्या विमानांचा अमेरिकेत उतरण्याचा हक्क संपुष्टात आला. वेढा पुरा होत गेला. फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले, पुढल्या वर्षापासून आकाशे उघडू लागली. १९४६ मध्येच, स्वातंत्र्याच्या आधीच, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, याचा आम्हांला अभिमान आहे. त्या बंदीत तीन गोष्टी होत्या. दडपलेल्या लोकांच्या चळवळीने स्वतःच बहिष्काराची मागणी केली होती. बंदी एकट्यादुकट्या सरकारच्या रागातून निघालेली नव्हती, अनेक देशांनी मिळून ती ठरवलेली होती. आणि ती कधी उठेल हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते : वर्णद्वेष संपेल त्या दिवशी.

भारत-पाकिस्तानच्या आकाशबंदीत यांतले काय आहे? ती दोन्ही देशांतील कोणत्या जनतेने मागितली? ती कोणती गोष्ट घडली म्हणजे उठणार? २०२५ साली दोन्ही बाजूंनी महिन्यामागून महिना मुदतवाढीच्या सूचना निघत राहिल्या. त्या सूचनांत कोणतीही अट नव्हती, केवळ पुढची तारीख होती. युरोप आणि रशिया यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये एकमेकांना आकाश बंद केले, तेव्हा हेलसिंकी-टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास एकदम तेरा तासांचा झाला. १९८३ मध्ये, शीतयुद्धाच्या काळात, सोव्हिएत भूमी चुकवून ध्रुवावरून जाणाऱ्या फिनलंडच्या विमानाला नेमका एवढाच वेळ लागत असे. चाळीस वर्षांच्या यांत्रिक प्रगतीवर एका युद्धाने पाणी फिरवले. त्या युद्धात आक्रमक कोण हे निदान स्पष्ट आहे. आपल्याकडे मात्र बंदी ही सवय होऊन बसली आहे.

पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्या क्रौर्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदिग्धता नाही आणि दहशतवाद्यांना आश्रय देणाऱ्या पाकिस्तानी लष्करशाहीविषयी तर मुळीच नाही. कोणी म्हणेल की अशा शेजाऱ्याशी दळणवळण ठेवणे हाच भाबडेपणा. त्यांना आम्ही मुंबईचीच आठवण देतो. नोव्हेंबर २००८ मध्ये दहा बंदूकधारी कराचीहून मुंबईला आले. त्यांनी व्हिसा मागितला नाही, तिकीट काढले नाही. ते समुद्राने आले. वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका पळवली आणि तिच्यावरील पाचही मच्छीमारांना ठार केले. मुंबईत १६६ माणसे मरण्याआधी, त्या हल्ल्याचे पहिले बळी समुद्रावरचे कष्टकरी होते. बंद दारांनी मारेकऱ्याला अडवल्याचा दाखला नाही. लग्नाला, मयताला, औषधोपचाराला निघालेल्या माणसाला मात्र ती हमखास अडवतात.

आणि आता ते तिसरे उत्तर. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी भागातले आदिवासी तरुण दर हंगामात ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, हुकूम तांडेलाचा, मजुरी हंगामाची. कच्छच्या टोकाला सर क्रीक नावाची खाडी आहे. तिच्यातून सीमारेषा कोठून काढावी यावर दोन्ही सरकारांचे अद्याप एकमत नाही आणि म्हणून तिच्यापुढच्या समुद्रातील सीमाही अनिश्चित आहे. दिल्ली आणि इस्लामाबाद येथील तज्ज्ञांना जी रेषा कागदावर सापडली नाही, ती रात्रीच्या अंधारात, लाटांवर, मासळीच्या मागे असलेल्या खलाशाने ओळखावी, अशी अपेक्षा आहे. तो पकडला जातो. कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. पलीकडे कराचीजवळच्या इब्राहिम हैदरी वस्तीतला सिंधी मच्छीमार असाच पकडला जातो आणि गुजरातच्या तुरुंगात येतो. दोघांच्या जाळ्यांत सापडलेली मासळीही बहुधा एकाच थव्यातली असते.

शिक्षा काही महिन्यांची असते. तुरुंगवास वर्षांचा होतो, कारण शिक्षा संपल्यावर राष्ट्रीयत्वाची खातरजमा व्हावयाची असते, कागद हलावयाचे असतात, आणि ते दोन्ही देशांमधल्या हवामानाप्रमाणे हलतात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही सरकारे कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण करतात. १ जुलै २०२५ च्या याद्यांप्रमाणे पाकिस्तानात १९३ भारतीय मच्छीमार होते, भारतात ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. शिक्षा भोगून झालेले १५९ मच्छीमार व इतर कैदी सोडावेत अशी मागणी भारत सरकारने त्याच दिवशी केली. म्हणजे शिक्षा संपून ते तेथेच होते. पालघर जिल्ह्यातील एक खलाशी २०२४ मध्ये त्या तुरुंगात मरण पावला. त्याचे प्रेत घरी पोहोचण्यास कित्येक आठवडे लागले.

सुटका झाली तरी वाट पाहा कशी आहे! कराचीहून आगगाडीने लाहोर, बाराशे किलोमीटर. तेथून वाघा. सीमेवर पायी दहा पावले. मग अमृतसर, चौकशी, आणि तेथून पुन्हा आगगाडीने उभा देश ओलांडून पश्चिम किनारा, सतराशे-अठराशे किलोमीटर. ज्या समुद्रावरून तो बोटीने काही दिवसांत घरी आला असता, ज्या आकाशातून तो दीड तासात आला असता, ती दोन्ही त्याला बंद. मुंबई-कराची हे अंतर त्याच्या बाबतीत तीन हजार किलोमीटर आणि तीन-चार वर्षे असे मोजावे लागते.

हे होऊ शकत नाही, अशी व्यवस्थाच नाही, असे सरकारी अधिकारी सांगतात. सरकारने ठरवले म्हणजे काय होऊ शकते, हे आपण एकदा पाहिले आहे. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अडकले होते. त्यांत केरळचे होते तसे रत्नागिरीचे, मुंबईचेही होते. कुवेत ते मुंबई हे पावणेतीन हजार किलोमीटर, पण ते आकाश बंद. म्हणून ते इराकमधून, वाळवंटातून, बसगाड्यांनी जॉर्डनमध्ये अम्मानला आले आणि अम्मान ते मुंबई या ४,११७ किलोमीटरच्या मार्गावर १३ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून १,११,७११ माणसे घरी आणली गेली. आणणारी कंपनी सार्वजनिक क्षेत्रातील होती. जानेवारी २०२२ मध्ये ती कंपनी विकली गेली. तो विषय वेगळा आहे आणि त्यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहिणार आहोत. येथे मुद्दा एवढाच की परदेशात मोलमजुरी करणाऱ्या लाखाहून अधिक माणसांसाठी ज्या राज्यव्यवस्थेने युद्धाच्या तोंडातून वाट काढली, तिला दोनशे खलाशांसाठी शेजारच्या बंदरातून एक बोट किंवा एक विमान आणता येत नाही, हे कोणी कसे मानावे?

डॉक्टर लोहियांनी भारत-पाक महासंघाची कल्पना मांडली, तेव्हा तिला स्वप्न म्हणून हसणारे पुष्कळ होते. एप्रिल १९६४ मध्ये त्यांनी आणि दीनदयाळ उपाध्याय यांनी मिळून त्या कल्पनेच्या बाजूने निवेदन काढले होते, याची आठवण आज सत्तेत असलेल्यांना करून द्यावीशी वाटते. महासंघ दूर राहो. आमची आजची मागणी फार लहान आहे. शिक्षा संपलेल्या मच्छीमारांना दोन्ही सरकारांनी मुदत न लावता सोडावे आणि वाघ्याच्या वळशाने न पाठवता समुद्रमार्गे अथवा विमानाने थेट किनाऱ्यावर पोहोचवावे. पकडलेल्या बोटी मालकांना परत द्याव्यात. सर क्रीकची बोलणी पुन्हा सुरू होईपर्यंत, चुकून रेषा ओलांडणाऱ्याला अटक न करता मागे वळवून सोडण्याची पद्धत दोन्ही तटरक्षक दलांनी पाळावी. आणि नागरी विमानांची वाट ही सैनिकी कारवाईचा भाग मानली जाऊ नये, यासाठी दोन्ही देशांनी १९४४ च्या आपल्याच सहीकडे पुन्हा एकदा पाहावे.

पालघर, डहाणू, तलासरी येथील आमच्या साथींनी ज्या घरांतला माणूस मलीरमध्ये आहे त्या घरांची यादी गाववार तयार करावी. पुष्कळ घरांत ओळख पटवणारी कागदपत्रे धड नसतात आणि तेवढ्यासाठी सुटका महिनोन्महिने अडते. तलाठी, ग्रामसेवक, मत्स्यव्यवसाय खात्याचे कार्यालय यांच्याकडून ते कागद मिळवून देणे हे काम सभेपेक्षा आधीचे आहे. घरातल्या बाईला हंगामाचा राहिलेला पगार बोटमालकाकडून मिळाला की नाही, सरकारी मदत मिळाली की नाही, हेही त्याच वेळी विचारावे. पुढल्या याद्यांच्या दिवसाआधी ते सर्व कागद जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती पोहोचले पाहिजेत.